मिठागरातली भाऊबंदकी

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात आता इमारतींची दाटी आहे; पण मीरा-भाईंदरचा हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेला तो मिठागरांसाठी. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढून काढायचं. त्याच पाण्यात आवर्तसारणीच्या सतराव्या गणातले चार भाऊ नांदतात : फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन. किलोभर समुद्राच्या पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराइड, ६७ मिलिग्रॅम ब्रोमाइड, जेमतेम १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड. आयोडीन तर मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

यातला एकही तिथे सुटा सापडत नाही. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात आणि आठव्याची हाव असते. गणात खाली उतरावं तशी एकेक कक्षा वाढते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतो आणि ही हाव मंदावते. उलट रेणू मोठे होत गेल्याने त्यांचं एकमेकांतलं आकर्षण वाढतं. म्हणून नेहमीच्या तापमानाला फ्लोरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट वायू, ब्रोमीन तांबूस द्रव आणि आयोडीन काळपट स्थायू.

भाऊबंदकी सुरू होते ती इथून. वरचा भाऊ खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकावून लावतो. मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात ब्रोमाइड साठलेलं असतं. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या मिठागरांच्या अशाच पाण्यात आंत्वान बालार या तरुणाने क्लोरीन सोडला आणि पाणी पिवळं-तांबूस झालं. १८२६ मध्ये जगाला ब्रोमीन कळलं ते असं. कच्छमधले कारखाने आजही याच युक्तीने ब्रोमीन काढतात.

आयोडीन सगळ्यांत दुबळं. त्याला आयोडाइडमधून बाहेर काढायला क्लोरीनचीही गरज नाही. दमट हवेतला ऑक्सिजनच ते हळूहळू करतो आणि आयोडीन उडून जातं. आपल्याकडच्या मिठात म्हणूनच पोटॅशियम आयोडाइड नव्हे, पोटॅशियम आयोडेट घालतात. त्यात आयोडीनने आपले इलेक्ट्रॉन आधीच ऑक्सिजनच्या हवाली केलेले असतात, त्यामुळे हवेला ओरबाडायला काही उरत नाही. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं, असा नियम आहे. तो आपल्या पावसाळ्यातही पाळता येतो, तो बऱ्याच अंशी या निवडीमुळे.

थोरल्या फ्लोरीनची गोष्ट मात्र वेगळी. ब्रोमीनला बाहेर काढायला क्लोरीन होता. फ्लोरीनला हुसकावणारा भाऊ वर कुणीच नाही. त्याच्यामागे लागलेले कित्येक रसायनशास्त्रज्ञ विषबाधेने आजारी पडले, काही दगावले. अखेर १८८६ मध्ये आंरी म्वासाँने विजेच्या जोरावर तो वेगळा केला आणि १९०६ चं नोबेल मिळवलं. विजेविना, निव्वळ रासायनिक अभिक्रियेने तो भरघोस प्रमाणात मिळवायला १९८६ साल उजाडावं लागलं. तेही कार्ल क्रिस्टेने आडमार्गाने साधलं : फ्लोरीनवर थेट चाल न करता, त्याला धरून ठेवणारं संयुगच त्याने अस्थिर करून टाकलं.