मी तिथं नव्हतेच

बारा-तेरा वर्षांपूर्वी बी.ए.ला असलेली माझी एक विद्यार्थिनी गेल्या दिवाळीत घरी आली होती. वर्गात ती मध्येच हरवायची. डोळे फळ्यावर, पण हाक ऐकू जायची नाही. मी तेव्हा चारचौघांत तिला टाकून बोलले होते. आज त्याची लाज वाटते. (तिच्या परवानगीनं, खुणा बदलून लिहिते आहे.)

चहा गार झाला तरी ती गप्प. मग बोलली ती कन्नडमधून. माहेर मराठी, सासर मराठी, माझ्याशीही नेहमी मराठीच. पण लहानपणी घरातल्याच एका वडीलधाऱ्यानं केलेला अत्याचार सांगताना तिनं भाषा बदलली. ‘मॅडम, नानु अल्लि इरलिल्ल.’ मी तिथं नव्हतेच, वर बघत छपराचे वासे मोजत होते. आजही कुठं तपकिरीचा वास आला की ती पुन्हा त्याच खोलीत असते आणि वासे मोजू लागते. दूध उतू जातं, मूल रडत राहतं. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवऋषीही झाला.

मन असं देहापासून सुटं होतं, त्याला मानसशास्त्रात ‘डिसोसिएशन’ म्हणतात. फ्रेंच अभ्यासक प्येर जाने यांनी १८८९ मध्येच त्यावर लिहिलं होतं. पळता न येणाऱ्या मुलाला मनानं तरी पळता येतं. त्या वयात तोच एक बचाव. पंचाईत अशी, की धोका टळल्यावरही मन पळतच राहतं. युद्धावरून परतलेल्या सैनिकाचा आघात आणि घरात छळलेल्या मुलीचा आघात एकाच जातीचे, हे अमेरिकेच्या डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ठामपणे मांडलं. दीर्घकाळच्या अशा आघाताला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र स्थान आहे. म्हणजे हे ढोंग नव्हे, बाहेरचं तर नव्हेच.

कन्नडचं कोडंही मग थोडं उलगडलं. ज्या भाषेत ‘कुणाला सांगू नकोस’ असं बजावलं गेलं, त्या भाषेत तोंड उघडणं अवघड. दुसरी भाषा जरा अंतर देते. आपल्या दोन भाषांच्या घरांत कोण कुठल्या भाषेत गप्प बसतं, याकडं आपण कधी लक्ष देतो?

‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत, कन्नडमध्येही मोफत बोलता येतं. तिथूनच तिनं सुरुवात केली. आता ती धारवाडला समुपदेशनाला जाते. नवऱ्याला ठाऊक आहे, पण सासूबाईंना पाठदुखीचं औषध आणायला जाते असंच सांगितलंय. सासूबाई शेकायला रोज विटेचा तुकडा तापवून देतात.