मिनिटभर श्वास मोजण्याची विद्या

कौमारभृत्याचा विषय निघाला की आपण वैद्यमंडळी काश्यपसंहितेपासून आरंभ करतो. प्रस्तुत लेखाचा आरंभ मात्र गडचिरोलीपासून करावयाचा आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये त्या जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे कार्य सुरू केले. त्यांनी प्रथम गावोगावच्या जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली. पाच वर्षांखालील बालके कशाने दगावतात याचा शोध घेताना न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले. लोक ज्याला 'डबा' किंवा 'पोट उडणे' म्हणतात तोच हा विकार. मग ५८ गावांत आरोग्यसेवक व सुइणी यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे आणि कोट्रायमॉक्सेझोल देण्याचे शिक्षण दिले गेले; ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांत न्यूमोनियाने दर हजारी १७.५ बालके दगावत होती, तर उपचाराच्या गावांत ८.१.

ही तुलनेची गावे नसती तर काय झाले असते, याचा विचार आपण करावा. कोणत्याही वर्षी मृत्यू थोडे कमी होतात, थोडे वाढतात. पाऊस, पीक, रस्ता अशी कारणे अनेक. उपचारानंतर बरे वाटले म्हणून उपचारानेच बरे झाले, असे आपण रोज मानतो. चरकाचार्यांनी आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनाही परीक्षेत स्थान दिले, ते आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो आणि दवाखान्यात विसरतो.

अक्षरओळख नसलेल्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नसे. त्यासाठी मण्यांचे एक साधे उपकरण तयार झाले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी आला तर न्यूमोनिया. संशोधन म्हणजे महागडी यंत्रे, असे समजणाऱ्यांनी हे उपकरण जरूर आठवावे.

पुढे नवजात बालकांसाठी घरपोच सेवेचा प्रयोग झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामसेविका घरी जाऊन स्तनपान, ऊब, वजन व जंतुसंसर्ग यांकडे पाहत. ४७ गावे तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट दिसली (लॅन्सेट, १९९९). २०११ पासून भारत सरकारने हीच कल्पना 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. प्रसूती रुग्णालयात झाली तर सहा, घरी झाली तर सात गृहभेटी ठरल्या.

आता स्वतःविषयी लिहितो. काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांचे एक बालक माझ्याकडे आणले गेले. खोकला, किंचित ज्वर. मी बालचतुर्भद्र चूर्ण मधातून दिले आणि दोन दिवसांनी बोलावले. श्वास मोजला नाही. दुसऱ्या रात्री त्याला जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. बाळ वाचले, परंतु त्यात माझे कर्तृत्व शून्य. माझ्या दोन चुका झाल्या. पहिली उघड आहे. दुसरी मधाची: एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात मधातील बोटुलिझमचे बीजाणू वाढून विषार निर्माण करू शकतात. हा विकार विरळा असला तरी घातक. शिवाय सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तन्य, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मधु-सर्पीचा उल्लेख ग्रंथांत आहे हे मीही जाणतो. तरीही वर्षाखालील बालकास मध देणे मी थांबविले आहे.

औषधविक्रेते बंधूंना विनंती अशी की, "बाळाचा कफ आहे, काहीतरी द्या" असे म्हणणाऱ्या मातेला प्रथम वय विचारावे. बाळ सोबत असेल तर ते शांत असताना, दूध पीत वा रडत नसताना, पूर्ण मिनिटभर छाती-पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास अधिक भरले तर पुन्हा मोजावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध सोडत असेल, तर चाटणाची बाटली फळीवरच ठेवून रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. त्या वेळी प्रतिजैविक, आणि गरज पडल्यास प्राणवायू, हाच उपचार होय. आज कोट्रायमॉक्सेझोलच्या जागी बहुधा अमॉक्सिसिलिन वापरले जाते. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

सुवर्णप्राशनाच्या शिबिरांत आपण किती बालकांना बिंदू दिले याचे आकडे फलकावर लिहितो. त्यांतील किती पुन्हा आली, किती आजारी पडली, बिंदू न घेतलेल्या बालकांशी तुलना काय, हे कोणी लिहीत नाही. मी गेल्या वर्षापासून वय, वजन, श्वाससंख्या, दिलेले औषध व पुनर्भेटीची स्थिती अशी साधी नोंद ठेवतो. नमुना एका पानात मावतो; ज्यांना हवा असेल त्यांनी शाखेच्या मासिक सभेत मागून घ्यावा.