बिवाकाठचा एक दिवस

जपानच्या शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराची सायकल-प्रदक्षिणा म्हणजे 'बिवाइची'. पूर्ण फेरी सुमारे २०० किलोमीटरची. ती एका दिवसात उरकणारे आहेत. पण मग सरोवर बघायचं कधी? त्यापेक्षा दक्षिणेचा छोटा फेरा धरावा. बिवाको पुलावरून पलीकडच्या काठाला गेलं, की तो साधारण ५० किलोमीटरमध्ये होतो. सुरुवात दक्षिण काठावरच्या ओत्सू शहरातून करता येते; क्योतोहून तिथे ट्रेनने दहाएक मिनिटं लागतात.

फेरी घड्याळाच्या उलट दिशेने मारायची. तिथेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, त्यामुळे पाणी सतत डाव्या हाताला राहतं आणि काठावर थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. वाट चुकू नये म्हणून रस्त्यावर निळ्या खुणा आहेत.

स्वतःची सायकल ट्रेनमध्ये न्यायची तर ती सुटी करून पिशवीत पूर्ण झाकावी लागते. एका दिवसासाठी हा खटाटोप कशाला? भाड्याची घ्यावी. उत्तरेचा बेत असेल तर मायबारा स्टेशनवरच मिळते. जवळच हिकोनेचा किल्लाही आहे.

पश्चिम काठाला हिरा डोंगरावरून सुटणारा वारा कधीकधी रेल्वेही थांबवतो. निघण्याआधी हवामानाचा अंदाज पाहाच.