अठ्ठ्याहत्तरीतही बस चुकतेच

तान्हं बाळ झोपेत गालातल्या गालात हसलं की घरातली एखादी आजी म्हणणारच, ‘सटवाई खेळवतेय त्याला.’ झोपेच्या शास्त्राने सटवाईला रजा दिली, पण त्या हसण्यामागे नेमकं काय चाललंय हे कोडं त्यालाही बराच काळ छळत होतं.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळीच अवस्था नोंदवली. त्या अवस्थेत मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात आणि मेंदू जवळपास जागेपणीइतकाच कामात असतो. असेरिन्स्कींनी सुरुवातीच्या नोंदी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपाशी तारा चिकटवून घेतल्या होत्या. हीच रेम झोप. त्यातून मोठ्या माणसाला उठवलं, तर दहापैकी आठ वेळा तो स्वप्न सांगतो. पुढे कळलं की नवजात बाळाची निम्मी झोप रेम असते, मोठ्यांची वीस-पंचवीस टक्के आणि वृद्धांची त्याहून थोडी कमी. मग हिशेब सोपाच वाटला. सगळ्यात जास्त रेम बाळाला, म्हणजे सगळ्यात जास्त स्वप्नंही बाळालाच.

हा हिशेब डेव्हिड फाउल्क्स यांनी उधळला. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीच ती मुलं वर्षानुवर्षं झोपायला बोलावली, रात्री मधूनच उठवलं आणि एवढंच विचारलं, की आत्ता काय चाललं होतं? तीन ते पाच वर्षांची मुलं बहुतेक वेळा ‘काही नाही’ म्हणायची. स्वप्न मिळायचं ते साधारण पंधरा टक्के वेळा, आणि तेही कसं? एक जनावर उभं आहे. किंवा, एका चार वर्षांच्या मुलाने सांगितलं तसं, मी बाथटबमध्ये झोपलो होतो. बस्स. ना गोष्ट, ना हालचाल, ना भीती, ना आनंद. पाच ते सात या वयात चित्रं हलू लागतात, माणसं येतात-जातात, पण स्वप्न पाहणारं मूल स्वतः फारसं काही करत नाही. सात-आठनंतर ते आपल्याच स्वप्नात धावू-बोलू लागतं, आणि नऊ-दहाच्या सुमारास मोठ्यांच्या बरोबरीला येतं.

यावर पहिली शंका आपल्या मनात येईल तीच घेतली गेली: पोरांना स्वप्नं पडत असतील, सांगता येत नसतील. फाउल्क्स यांच्याकडे याला उत्तर होतं, आणि मला तो या साऱ्या संशोधनाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. जास्त स्वप्नं सांगणारी मुलं बोलघेवडी नव्हती. ती होती लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरची नक्षी हुबेहूब उभी करण्यात पटाईत असलेली. समोर नसलेली वस्तू मनात उभी करायची आणि फिरवून पाहायची, हे जागेपणी जमू लागलं की झोपेतही जमतं. मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूचा पॅरायटल भाग जागा आणि आकार यांची सांगड घालतो. त्याला इजा झालेल्या काही रुग्णांची स्वप्नंच बंद पडतात, असं मार्क सोल्म्स यांनी नंतर नोंदवलं. फाउल्क्स यांच्याशी सगळे सहमत नाहीत. प्रयोगशाळेत दडपलेली मुलं घरी, आईजवळ जास्त बोलतात, असं म्हणणारेही आहेत. पण स्वप्न पाहणं ही चालण्या-बोलण्यासारखी अंगी येत जाणारी गोष्ट आहे, या त्यांच्या म्हणण्याला खोडून काढणं सोपं राहिलेलं नाही.

एकदा अंगी आली की ती विशीपर्यंत बहरते. स्वप्नं सर्वांत जास्त लक्षात राहतात ती याच वयात, आणि मुलांपेक्षा मुलींच्या जास्त. मग ओहोटी लागते, आणि तीही आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर, म्हातारपणाची वाट न पाहता. माँट्रियलच्या टोरे नील्सन यांनी हजारो लोकांची उत्तरं तपासली, तेव्हा पुरुषांत ही घट बायकांच्या आधी सुरू होताना दिसली.

यात एक गंमत आहे. स्वप्न लक्षात राहायचं तर त्यातून जाग यावी लागते. फ्रान्समधल्या लियाँ इथे पेरीन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की ज्यांना बहुतेक दिवशी स्वप्नं आठवतात ते रात्रभरात एकूण अर्धा तास जागे असतात, क्वचितच आठवणारे त्याच्या निम्माच वेळ. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे म्हणतात. खरी होवोत न होवोत, पहाटेकडे रेमचे टप्पे लांबतात आणि लगेच जागही येते, म्हणून आठवतात ती तीच. मग आजोबा तर रात्रीतून चारदा उठतात, त्यांना जास्त आठवायला हवं! तसं होत नाही. वयानुसार आठवण साठवण्याची ताकद कमी होते हे एक कारण. दुसरं मला जास्त पटतं: साठीनंतर स्वप्नाबद्दल कुणी विचारतच नाही. स्वप्नात रस असलेल्यांना ती जास्त आठवतात, आणि उशाशी वही ठेवली तर काही दिवसांतच आठवण सुधारते.

आठवणं कमी झालं, तरी स्वप्नांचा मजकूर वयाबरोबर म्हातारा होतो का? याचं सर्वांत बोलकं उत्तर एका अमेरिकन बाईच्या वहीत सापडतं. संशोधक तिला डोरोथिया या टोपणनावाने ओळखतात. १९१२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिने स्वप्नं लिहायला घेतली आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत सुमारे नऊशे लिहिली. कॅल्व्हिन हॉल यांनी ती चाळली, तर दर पाचातल्या एका स्वप्नात खाणंपिणं, सहातल्या एकात काहीतरी हरवलेलं, दहातल्या एकात आई, सोळातल्या एकात उशीर झालेला किंवा बस-गाडी चुकलेली. हे प्रमाण पन्नासहून अधिक वर्षं जवळपास तेच राहिलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. त्यात भर एवढीच घालायची, की मनी वसतं ते सहसा घर सोडत नाही. निवृत्त माणसाला अजून परीक्षेचं स्वप्न पडतं यात नवल नाही.

उतारवयात स्वप्नं एकाएकी बदलली, तर मात्र दुर्लक्ष करू नये. कधी कारण साधंच असतं: रक्तदाबासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींना भयानक स्वप्नं पडतात, आणि स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल रात्री घेतल्यानेही. डॉक्टरांना विचारून गोळी किंवा तिची वेळ बदलता येते. दुसरं कारण गंभीर आहे. रेम झोपेत शरीर एरवी लुळं पडलेलं असतं, म्हणून स्वप्नातली मारामारी अंथरुणापर्यंत येत नाही. हा ब्रेक निकामी झाला की माणूस खरोखर लाथा झाडतो, ओरडतो, पलंगावरून पडतो. मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. तो बहुधा पन्नाशीपुढच्या पुरुषांत दिसतो आणि अशांपैकी बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा त्याच कुळातला स्मृतिभ्रंश होतो. पलंगाजवळच्या टोकदार वस्तू हलवणं, गादी खाली घेणं आणि न्यूरॉलॉजिस्टला गाठणं, हे लगेच करायचं. जाताना बायकोला बरोबर न्यावं. त्याला स्वतःला बहुधा फक्त एवढंच आठवत असतं की मागे कुत्रा लागला होता. लाथ कोणाला बसली, हे तिलाच माहीत असतं.