मनुष्याचा धर्म आणि त्याचें शील

तारकर्लीच्या उत्तरेस सहा-सात किलोमीटरांवर मालवण, आणि मालवणासमोरच्या समुद्रांत सिंधुदुर्ग. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं त्याचें बांधकाम आरंभिलें. किल्ला पाहावयास येणारीं सुशिक्षित कुटुंबें तटाची तारीफ करितात. ज्यांच्या भरंवशावर हें सागरी राज्य चाललें, त्या माणसांची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. हींच कुटुंबें शहरांत घर भाड्यानें देतांना मात्र आडनांव आधीं विचारतात. धर्म कळला कीं शील कळलें, अशी त्यांची समजूत असते.

महाराजांच्या आरमारांतील प्रमुख सेनानींपैकीं मायनाक भंडारी हिंदु, दौलतखान मुसलमान. १६७९ सालीं खांदेरी बेटावर तट घालण्यास आरंभ होतांच मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी आडवे आले. मायनाकानें बेट धरून ठेविलें. दौलतखान गलबतें घेऊन इंग्रजांशीं झुंजला. सिद्दी तर दौलतखानाचाच सधर्मी. तरीही १६८० च्या आरंभीं, सिद्दीनें उंदेरी बळकाविल्यावर, दौलतखानानें तिच्यावर तोफा डागल्या.

नेताजी पालकरांचें उदाहरण याहून बोलकें आहे. पन्हाळ्याच्या फसलेल्या स्वारीनंतर, १६६६ सालीं, हे सरनोबत विजापूरकरांना मिळाले व तेथून मोगलांकडे गेले. १६६७ त औरंगजेबानें त्यांना मुसलमान करून महंमद कुलीखान हें नांव दिलें. १६७६ त ते परत आले आणि महाराजांनीं त्यांना पुन्हा हिंदु करून घेतलें. कारण कांहींही असो, धनी सोडला तेव्हां ते हिंदु होते; त्याच धन्याकडे पाय वळले ते महंमद कुलीखान असतांना!

धर्म सदाचार शिकवितो, मग त्याचा शीलाशीं संबंध नाहीं कसा, असें कोणी विचारील. संबंध आहे, परंतु शिकवण ऐकणें निराळें आणि ती अंगीं मुरणें निराळें. एकाच वर्गांत एकच पुस्तक चाळीस मुलें वाचतात. हजेरीपटावरून त्यांतलें खरें बोलणारें मूल कोणतें हें कोणत्या पंतोजींना सांगतां येईल?

मोगल इतिहासकार खाफीखान यानें महाराजांना अपशब्द वापरण्यांत कसूर केलेली नाहीं. परंतु मशिदीला, कुराणाला वा कोणाच्या स्त्रीला उपद्रव देऊं नये असा महाराजांचा सैन्यास सक्त नियम होता, आणि कुराणाची प्रत हातीं आल्यास ते ती आदरानें आपल्या मुसलमान सेवकास देत, हेंही त्यानेंच, त्याच ग्रंथांत लिहून ठेविलें आहे.