भूगर्भतज्ज्ञाला परवाना लागतो का?

सायझिंग असो, रंगाई असो, बर्फाचा कारखाना असो की बेकरी, पाण्यावाचून धंदा चालत नाही. नळाचे पाणी पुरेनासे झाले की मालक बोअर मारायचे ठरवतो आणि जागा दाखवायला कोणाला तरी बोलावतो. कोणी हातावर नारळ ठेवून येतो, कोणी यंत्र घेऊन. फी दोघेही घेतात. बोअर कोरडे गेले तर पैसा मात्र मालकाचा जातो. म्हणून हे काम कोण करू शकतो, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूर आहे.

सरळ उत्तर असे की, आपल्या देशात भूवैज्ञानिकाला व्यवसायाचा परवाना लागत नाही. चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. भूवैज्ञानिकांसाठी तसा कायदा नाही. त्यामुळे शिकलेला आणि न शिकलेला, दोघेही पाटी लावू शकतात.

काही कामांना मात्र अट आहे. लोहखनिज, बॉक्साइट अशा मोठ्या खनिजांच्या खाणीचा आराखडा कोणालाही करता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार त्यासाठी खाण अभियांत्रिकीची पदवी किंवा भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि खाणकामात देखरेखीचा ५ वर्षांचा अनुभव लागतो. बोअरच्या बाबतीत महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. त्यात नोंदणीची अट आहे ती बोअरच्या गाडीवाल्याला.

परवान्याने काय साधते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिसते. तेथे १९६८ च्या कायद्याने भूवैज्ञानिकाला परवाना लागतो. सूट आहे ती मुख्यतः केंद्र सरकारच्या नोकरांना त्यांच्या नोकरीपुरती आणि परवानाधारकाच्या हाताखालच्या मदतनिसांना. मोजमाप मदतनिसाने केले तरी जबाबदारी परवानाधारकाची. आपल्याकडे ही जबाबदारी कायदा ठरवत नाही. ती गिऱ्हाइकानेच लिहून घ्यावी लागते.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी भेगांत व झिजलेल्या थरांत असते. एका जागी लागले म्हणून शेजारी लागेलच असे नाही. यंत्रवाला जमिनीत चार खुंट्या ठोकून वीज सोडतो व विरोध मोजतो. ओल्या थरात विरोध कमी येतो, कोरड्या अखंड खडकात जास्त. पण चिकणमातीतही तो कमीच येतो. तेव्हा यंत्र असून भागत नाही, आकड्याचा अर्थ लावणारा जाणकार हवा.

म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एवढे करावे:

१) भूशास्त्राची पदवी व पूर्वीची कामे विचारावीत. यशस्वी बोअरबरोबर कोरडी गेलेलीही विचारावीत.

२) जागा, मोजमापाचे आकडे, अपेक्षित थर व खोली असा लेखी अहवाल सहीनिशी घ्यावा. सही द्यायला कचरणाऱ्याला फी देऊ नये.

३) भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

४) गाडीवाल्याची नोंदणी पाहावी. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट वा त्याहून खोल विहिरीला कायदा ‘खोल विहीर’ मानतो व तिच्यावर बंधने आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पाणी लागेलच अशी हमी कोणताही जाणकार देत नाही. जो छातीठोक हमी देतो, त्याच्याकडून सही आधी घ्यावी.