आठवणींचे खतपाणी

माझ्या वडिलांनी, दादांनी, सोलापुरात गिरणीमध्ये जॉबर म्हणून उभी हयात काढली. कोणत्या मागावर कोण, कुणाची पाळी कधी, सगळे तोंडपाठ. आई गेली आणि वर्षाच्या आत या माणसाला काल काय जेवलो ते आठवेना. गड्ड्याच्या यात्रेला म्हणून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. "कशाला निघालो होतो रे?" म्हणाले. 'वय झालं आता,' असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

डॉक्टरांनी मात्र तासभर बसवून घेतले, तपासण्या केल्या आणि सांगितले, हा स्मृतिभ्रंश दिसत नाही, खिन्नतेचा आजार आहे. औषध दिले, रोज चालायला सांगितले आणि बजावले, "तीन-चार आठवडे फरक दिसणार नाही. तरी गोळी सोडायची नाही."

डोकेदुखीची गोळी तासाभरात लागू पडते, मग इथेच इतका उशीर का? हा प्रश्न काही माझी पाठ सोडेना. वाचायला लागलो तर धागा थेट इटलीतल्या एका झोपायच्या खोलीपर्यंत गेला!

रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी ही १९०९ साली तुरीनला जन्मलेली ज्यू डॉक्टर. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी तिला विद्यापीठ बंद झाले. बाईंनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांचे मज्जातंतू तपासत बसल्या. पुढे अमेरिकेत, १९५० च्या दशकात, त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना तो पदार्थ सापडला, ज्याच्या सान्निध्यात मज्जापेशींना भराभर तंतू फुटतात. हा पहिला 'ग्रोथ फॅक्टर', म्हणजे वाढीचा घटक. १९८६ साली दोघांना नोबेल मिळाले. बाई १०३ वर्षे जगल्या.

१९८२ साली बार्द आणि थोनेन या शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून याच कुळातला दुसरा घटक वेगळा काढला. त्याचे लांबलचक नाव सोडा, 'बीडीएनएफ' म्हणूया. मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. ताज्या आठवणी तिथे पक्क्या होतात. दोन पेशींमधली वाट वापरली गेली की तिथे बीडीएनएफ सुटतो आणि वाट मजबूत होते. दीर्घकाळ ताण राहिला, तर तिथले त्याचे उत्पादन घटते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

आणि गोळीचा उशीर? औषध मेंदूतली रसायने काही तासांतच बदलते. पण अमेरिकेतील रोनाल्ड डुमन यांच्या गटाने १९९५ मध्ये उंदरांत दाखवले, की औषध काही आठवडे चालू राहिले की हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचे उत्पादन वाढते. म्हणजे खत घातले तरी पीक वर यायला वेळ हा लागणारच. अर्थात हे सारे कोडे सुटले असे नाही. वाढीचा घटक हा त्यातला एक दुवा. डुमन यांच्याच प्रयोगशाळेत घडलेल्या डॉ. विदिता वैद्य यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भावना आणि ताण यांवर मोठे काम उभे केले. २०१५ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

मग हा घटकच सुईने का देत नाहीत? रक्तातून तो मेंदूत नीट शिरतच नाही. स्वीडनमध्ये अल्झायमरच्या तीन रुग्णांच्या मेंदूत नळीवाटे रिटाबाईंचा घटक सोडून पाहिला. त्यांना वेदना सुरू झाल्या, वजन घटले. निसर्गाच्या मात्रेशी खेळणे सोपे नाही.

चालणे मात्र फुकट आहे. २०११ साली अमेरिकेतील १२० वयस्कांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत निकाल इतका स्वच्छ आलेला नाही, हेही सांगायला हवे.

दादांना पहिला महिना सिद्धेश्वर तलावाकाठी मी हाताला धरूनच नेत असे. सहाव्या आठवड्यात वाटेत भेटलेल्या जुन्या मागवाल्याला त्यांनी नावाने हाक मारली, त्याच्या थोरल्या मुलीचीही चौकशी केली. मी गुमान बाजूला उभा राहिलो. पुढच्या यात्रेत अक्षता टाकायला आम्ही दोघे बरोबर होतो.

चष्मा कुठे ठेवला ते अजून विसरतात. पण ते तर आई असतानाही विसरायचेच.